झाकणाच्या जागी फांदी

डिसेंबरात पुण्याला आले, तर कोथरूडच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी फुटपाथवरच्या ड्रेनेजच्या चेंबरमध्ये एक फांदी उभी होती. टोकाला लाल फडकं बांधलेलं. आपल्याकडे ही खूण कुणाला समजावून सांगावी लागत नाही: झाकण नाही, बाजूने जा. पानं वाळून काळी पडली होती. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणाला, "ताई, ही तिसरी. मोडली की मीच नवी आणून लावतो."

जुलैत तिथे फांदी नव्हती. पावसाने फुटपाथवर घोटाभर पाणी साचलं होतं, आई भाजी घेऊन येत होती आणि तिचा उजवा पाय मांडीपर्यंत त्या भोकात गेला. खुब्याचं हाड मोडलं. मी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहते; तिथे तेव्हा सकाळ होती. बाबांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होते. ऑपरेशन झालं, कृत्रिम सांधा बसवला. बिल झालं तीन लाख चाळीस हजार, त्यातले निम्मे विम्याने दिले. आई बहात्तर वर्षांची आहे. पडायच्या आदल्या रविवारी ती एकटी पीएमटीने तुळशीबागेत जाऊन आली होती. आता वॉकर घेऊन हॉलपासून गॅलरीपर्यंत जाते आणि गॅलरीतून रस्ता बघत बसते.

झाकण एका ठेकेदाराच्या खोदकामात फुटलं, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. ठेकेदार म्हणतो, काम पूर्ण करून ताब्यात दिलं. ज्यांच्या ताब्यात दिलं ते म्हणतात, हे आमच्या खात्याकडे येत नाही. बाबांनी पाच महिन्यांत सात पत्रं लिहिली. त्यातल्या एकाला उत्तर आलं. त्यात आईचं नाव चुकीचं होतं.

आणि मग एका सकाळी वेताळ टेकडीवरून उतरल्यावर, बाबांच्या मित्रमंडळींबरोबर अमृततुल्यपाशी उभी असताना, बँकेतून निवृत्त झालेले काका मला म्हणाले, "अगं, हे तुमच्या अमेरिकेत झालं असतं तर आईला कोटी मिळाले असते! तिकडे नाही का, अंगावर कॉफी सांडली म्हणून बाई करोडपती झाली?" सगळे हसले. काकांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मला हसू आलं नाही. सोळा वर्षं मी अमेरिकेत राहते आहे आणि पुण्याला आले की दर वेळी ही कॉफी कुणीतरी माझ्यापुढे ठेवतंच. म्हणून त्या दिवशी चहा थंड होऊ दिला आणि ती गोष्ट पूर्ण सांगितली. इथेही सांगते, कारण तिचं आईच्या फुटपाथशी थेट नातं आहे.

१९९२ साल. न्यू मेक्सिको राज्यातलं अल्बुकर्की शहर. ७९ वर्षांची एक आजी नातवाच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसली होती. गाडी उभी होती. मॅकडोनाल्ड्सच्या कॉफीचा पेला गुडघ्यांत धरून, क्रीम आणि साखर घालायला तिने झाकण काढलं आणि कॉफी मांडीवर सांडली. कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सियस तापमानाला ठेवण्याचा कंपनीचा नियम होता. मांड्या आणि जांघांची कातडी आतल्या थरापर्यंत भाजली. आठ दिवस हॉस्पिटल, दुसरीकडची कातडी काढून तिथे लावायची शस्त्रक्रिया. आजीने कंपनीकडे साधारण २० हजार डॉलर मागितले. कंपनीने देऊ केले ८००. तेव्हा ती कोर्टात गेली.

कोर्टात जे बाहेर आलं ते फार कमी लोकांना माहीत असतं. त्याआधीच्या दहा वर्षांत अशाच भाजण्याच्या ७००हून जास्त तक्रारी कंपनीकडे आलेल्या होत्या. विकलेल्या अब्जावधी कपांच्या मानाने हा आकडा नगण्य आहे, अशी कंपनीची बाजू होती. ज्युरीने, म्हणजे खटल्यासाठी निवडलेल्या सामान्य नागरिकांनी, आजीचीही २० टक्के चूक धरली आणि तिच्या नुकसानीचे २ लाखांवरून १ लाख ६० हजार डॉलर केले. त्यानंतर, वेगळ्या हिशोबाने, कंपनीला दंड म्हणून २७ लाख डॉलर लावले. हा आकडा आला कुठून? कंपनीच्या दोन दिवसांच्या कॉफीविक्रीतून. दोनच दिवस. पुढे न्यायाधीशांनी तो ४ लाख ८० हजारांवर आणला आणि शेवटी दोन्ही बाजूंनी आपसात तडजोड केली, तिची रक्कम जाहीर झाली नाही. नुसती कॉफी सांडली एवढ्यावर करोडपती झालेली बाई या गोष्टीत कुठेच नाही.

"मग या आपल्या अमृततुल्यवाल्यावरपण खटला घालायचा का?" काकांनी विचारलं. समोर चहा खरंच रटरटत होता. प्रश्न रास्त आहे. पण गरम चहा देणं हा गुन्हा नाहीच. सातशे माणसं भाजली हे वहीत लिहिलेलं असताना, ती वही मिटून ठेवणं हा गुन्हा आहे. या चहावाल्याच्या ग्लासाने आठवड्यात चार जणांचे हात पोळले तर पाचव्या दिवशी तो स्वतःच ग्लास बदलेल, कारण ते चार जण रोज त्याच्यासमोर उभे असतात. मोठ्या कंपनीसमोर कुणीच उभं नसतं. तिच्यासमोर असतो तो आकडा.

दंडात्मक नुकसानभरपाई म्हणतात ती हीच. साधी भरपाई झालेलं नुकसान भरून काढते: दवाखाना, बुडालेला पगार, सोसलेलं दुखणं. दंडात्मक रक्कम त्यावर असते आणि ती अद्दल घडवण्यासाठी असते. नुसत्या हलगर्जीपणाला ती लागत नाही. माझ्या न्यू जर्सी राज्यात त्यासाठी दुष्ट हेतू किंवा दुसऱ्याच्या जिवाची जाणूनबुजून केलेली बेपर्वाई सिद्ध करावी लागते, तीही नेहमीच्या दिवाणी खटल्यापेक्षा भक्कम पुराव्याने.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मी एका छोट्या कंपनीत क्वालिटीचं काम करते. आम्ही हॉस्पिटलच्या पलंगांना लागणारे सुटे भाग बनवतो. काही वर्षांपूर्वी पलंगाच्या कठड्याच्या खिट्टीबद्दल एका हॉस्पिटलमधून तक्रार आली. खिट्टी लागल्यासारखी दिसते, 'टक' असा आवाजही येतो, पण ती पूर्ण बसलेली नसते. रुग्णाने कठड्यावर भार टाकला की कठडा खाली येतो. कुणी पडलं नव्हतं. नर्सच्या वेळेत लक्षात आलं होतं. मग चार महिन्यांनी दुसऱ्या गावाहून तशीच तक्रार. मग तिसरी.

मीटिंग झाली. मी ती खिट्टी टेबलावर ठेवली होती, अंगठ्याएवढी पांढरी प्लॅस्टिकची. साचा बदलायचा तर खर्च मोठा, आणि विकलेल्या हजारो पलंगांवरच्या खिट्ट्या बदलायच्या तर त्याहून मोठा. विक्रीवाले म्हणाले, एवढ्या हजारांत तीन म्हणजे काहीच नाही. वाईट माणसं नव्हती ती. तिमाही संपत आली होती, एवढंच. मग कंपनीच्या वकीलबाईंनी, तोवर त्या काहीच बोलल्या नव्हत्या, मला विचारलं, "पहिली तक्रार कोणत्या तारखेची?" मी तारीख सांगितली. त्यांनी ती वहीत लिहिली, खाली रेघ मारली आणि म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवसापासून आपल्याला माहीत आहे."

खोलीतलं वारंच बदललं. उद्या एखादे आजोबा पडून डोकं फुटलं, तर साधी भरपाई विमा कंपनी देईल. पण 'माहीत होतं आणि काही केलं नाही' हे ज्युरीला पटलं, तर वर जो दंड बसेल तो आमच्या राज्यात विम्यातून भागवता येत नाही. तो कंपनीच्या स्वतःच्या खिशातून जातो. सहा आठवड्यांत साचा बदलला आणि हॉस्पिटलांना नव्या खिट्ट्या रवाना झाल्या. कुठे खटला झाला नाही, पेपरात काही आलं नाही, एक डॉलर दंड भरावा लागला नाही. दंडात्मक भरपाईचं खरं काम मी त्या खोलीत पाहिलं. जे आजोबा पडले नाहीत त्यांची नोंद कुठल्याच आकडेवारीत सापडायची नाही.

बाबांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. त्यांची सगळी नोकरी पिंपरीतल्या वाहन कारखान्यात गेली. एका सुट्या भागामागे पन्नास पैसे वाचले तर वरून शाबासकी कशी मिळते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून त्यांना फोर्ड पिंटोची हकिगत सांगितली. १९७२मध्ये कॅलिफोर्नियात हमरस्त्यावर बंद पडलेल्या पिंटोला मागून दुसरी गाडी धडकली, पेट्रोलची टाकी फुटून आग लागली. गाडी चालवणारी बाई दगावली, शेजारी बसलेला तेरा वर्षांचा मुलगा भयंकर भाजला. मागून धडक बसली की ती टाकी टिकत नाही, हे गाडी बाजारात येण्याआधीच्या चाचण्यांत कंपनीला दिसलेलं होतं, असं खटल्यात पुढे आलं. गाडीमागे १५ डॉलर ३० सेंटच्या बदलांनी ती बरीच सुरक्षित झाली असती. १९७८मध्ये ज्युरीने १२ कोटी ५० लाख डॉलरचा दंड ठोठावला. न्यायाधीशांनी तो ३५ लाखांवर आणला आणि वरच्या कोर्टाने १९८१मध्ये तेवढा कायम केला.

"गाडीमागे पंधरा डॉलर म्हणजे फार असतात," बाबा म्हणाले. त्यांनी ते कंपनीच्या बाजूने म्हटलं नाही. एका कारखान्यातल्या माणसाने दुसऱ्या कारखान्यातला मोह ओळखला, तसं म्हटलं. आणि थोड्या वेळाने, "कुणीतरी समोर दुसरा आकडा ठेवल्याशिवाय पंधरा डॉलर कुणी खर्च करत नाही गं."

आता दुसरी बाजू. ती खोटी नाही आणि मला ती लपवायचीही नाही. अलाबामातल्या एका डॉक्टरने नवी बीएमडब्ल्यू घेतली. येताना तिचा रंग खराब झाला होता, कंपनीने तिला पुन्हा रंग लावला आणि गिऱ्हाइकाला सांगितलं नाही. नुकसान धरलं गेलं ४ हजार डॉलर. ज्युरीने दंड लावला ४० लाख. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो २० लाखांवर आणला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये तोही अवाजवी ठरवला आणि शेवटी तो ५० हजारांवर आला. रंगाचा हात लपवणं ही फसवणूक आहे, पण त्याने कुणाचा जीव धोक्यात आला नव्हता. अशा निकालांनी या सगळ्या कल्पनेलाच लॉटरीचा वास लागला. २००३मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की दंड मूळ भरपाईच्या नऊपटीपुढे जाणं क्वचितच टिकेल. न्यू जर्सीत तर कायद्यानेच मर्यादा आहे: भरपाईच्या पाचपट किंवा साडेतीन लाख डॉलर, यातलं जे जास्त असेल ते. मला ही मर्यादा योग्य वाटते. संतापलेल्या सहा-बारा माणसांच्या हातात कोरा चेक देणं म्हणजे न्याय नव्हे.

पण मर्यादा कितीवर आणायची? एक्सॉनचं तेलवाहू जहाज मार्च १९८९मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर फुटलं, एक कोटी गॅलनहून जास्त तेल समुद्रात गेलं. १९९४मध्ये ज्युरीने ५०० कोटी डॉलर दंड लावला. अपिलामागून अपिलं झाली आणि २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ५० कोटी ७५ लाखांवर आणला, म्हणजे भरपाईएवढाच. एकोणीस वर्षं गेली. दाव्यातले कितीतरी कोळी तोवर वारले होते. इथे मला वाटतं की गाडी दुसऱ्या टोकाला गेली.

हे पैसे पीडितालाच का, हा बँकवाल्या काकांचा पुढचा प्रश्न. तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. भरपाई आईची, ती तिलाच मिळायला हवी. पण अद्दल घडवली जाते ती सगळ्या गावासाठी, मग ते पैसे एकाच घरात का जावेत? अमेरिकेतल्या काही राज्यांनी यावर तोड काढली आहे. इंडियानात दंडात्मक रकमेचे ७५ टक्के राज्याच्या निधीत जातात, गुन्ह्यांत बळी पडलेल्यांसाठी. ऑरेगॉनमध्येही मोठा हिस्सा राज्याकडे जातो. उरलेला दावा लढणाऱ्याला, कारण नाहीतर वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या कुणी? मला आईसाठी कोटी नकोत. पण त्या ठेकेदाराच्या कोटीतून गावातली झाकणं बसली तर मी पेढे वाटीन.

आपल्याकडे हे काहीच नाही असं अनेकांना वाटतं. आहे, फार आधीपासून आहे. डिसेंबर १९८५मध्ये दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू सुटला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की धोकादायक उद्योग जितका मोठा आणि संपन्न, तितकी भरपाई मोठी असली पाहिजे, तरच तिचा धाक बसेल. अल्बुकर्कीच्या ज्युरीने दोन दिवसांची कॉफीविक्री मोजली त्याच्या कितीतरी आधी आपल्या न्यायमूर्तींनी हा विचार मांडला होता. आणि त्या वायुगळतीच्या एक वर्ष आधी भोपाळ झालं होतं. १९८९मध्ये त्याची तडजोड ४७ कोटी डॉलरवर झाली, हजारो मृत्यू आणि लाखो आजारी माणसं मिळून. ती रक्कम वाढवून मागणारा सरकारचा अर्ज मार्च २०२३मध्ये फेटाळला गेला. शब्द होते. जिथे ते सर्वांत जास्त लागले, तिथे वापरले गेले नाहीत.

उपहार सिनेमागृहातल्या आगीचं प्रकरण माझ्या मनातून जात नाही. १३ जून १९९७, दिल्ली, ५९ माणसं धुराने गुदमरून गेली. बाल्कनीत जादा खुर्च्या टाकून बाहेर पडायची वाट अडवलेली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २००३मध्ये अडीच कोटी रुपये दंडात्मक भरपाई लावली. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती २५ लाखांवर आणली, त्या जादा खुर्च्यांतून मिळालेल्या कमाईच्या हिशोबाला जोडून. मी कायद्याची पदवीधर नाही. पण कारखान्यात वाढलेल्या मुलीला एवढं गणित येतं: नियम मोडून जेवढं कमावलं तेवढंच, तेही चौदा वर्षांनी परत करायचं असेल, तर ते बिनव्याजी कर्ज झालं. त्याला अद्दल कशी म्हणायची?

अमृततुल्यपाशी सगळ्यांत कडक हरकत आली ती सरकारी लेखाविभागातून निवृत्त झालेल्या काकूंकडून. त्या म्हणाल्या, "कंपनीचं ठीक आहे. पण सरकारी कार्यालयाला दंड केलास तर तो माझ्याच करातून जाणार. साहेबाच्या पेन्शनला काही धक्का नाही. मग ज्याच्यामुळे तुझी आई पडली त्याला काय फरक पडला?" बरोबर आहे, शंभर टक्के बरोबर. यावरही आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने १९९३मध्ये, लखनौच्या विकास प्राधिकरणाच्या खटल्यात उत्तर देऊन ठेवलं आहे: छळाची भरपाई आधी संस्थेने द्यावी आणि मग जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करावी. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही खड्ड्यांनी आणि उघड्या मॅनहोलनी होणाऱ्या मृत्यूंसाठी ६ लाख, जखमींसाठी ५० हजार ते अडीच लाख अशी भरपाई ठरवली, आणि ती दोषी ठेकेदार-अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितली. मला हा आदेश फार महत्त्वाचा वाटतो. ही दंडात्मक रक्कम नाही, आकडे छोटे आहेत. पण 'कुणाच्या खिशातून' हा प्रश्न त्यात विचारला आहे.

तरी सहा लाख हा आकडा ठेकेदाराच्या कागदावर कुठे बसतो ते बघा. कोट्यवधींच्या कामात तो किरकोळ खर्चात जिरून जातो. माझं म्हणणं एवढंच आहे की रक्कम पीडिताच्या दृष्टीने मोठी असण्याची गरज नाही; चूक करणाऱ्याच्या हिशोबात ठळक दिसेल एवढी ती मोठी हवी. आणि तिच्या आधी हवी तारीख. पहिली तक्रार कधी आली आणि तुम्ही तेव्हा काय केलं.

परत निघायच्या आदल्या रात्री बाबा डायनिंग टेबलावर नवा अर्ज लिहायला बसले होते. "रक्कम किती लिहू?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ती जागा आत्ता मोकळी ठेवा. आधी झाकण कधी फुटलं आणि आईच्या आधी कोण कोण पडलं ते काढा. बाबांनी वही उचलली, चपला घातल्या आणि दुकान बंद व्हायच्या आत इस्त्रीवाल्याकडे गेले.

एडिसनला पोचून चार दिवस झाले तेव्हा त्यांचा फोन आला. वही समोर उघडी होती, पानं उलटल्याचा आवाज येत होता. "लिहून घे," ते म्हणाले. "झाकण फुटलं एप्रिलच्या सहा तारखेला. इस्त्रीवाल्याच्या सायकलचं चाक गेलं, मेची एकोणीस. दुधाच्या केंद्रातला पोरगा, दोन जून, घोटा मुरगळला. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी अर्ज दिला, सात जून, त्याची पोच आहे, फोटो पाठवतो. आई बारा जुलै." मागून आईचा आवाज आला, "तेरा. मी उपासाची भाजी आणायला गेले होते." बाबांनी खोडून तेरा लिहिलं.